जपानी लग्नाला पैठणी चालेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या सहकाऱ्याचं लग्न पुढच्या महिन्यात योकोहामाला आहे, आमंत्रण दोघांनाही. नवऱ्याचं सोपं आहे: काळा सूट. (लग्नात काळा! आईला अजून सांगितलेलं नाही.) प्रश्न माझा आहे.

पांढरा रंग नवरीचा, त्यामुळे पाहुण्यांनी टाळायचा, एवढं माहीत आहे. फुरिसोदे (लांब बाह्यांचा किमोनो) अविवाहित मुलींचा, म्हणजे तोही बाद. होमोंगी (समारंभाला घालायचा किमोनो) भाड्याने घ्यायचा तर नेसवणं आणि केस धरून मला 30 हजार येनच्या आसपास सांगितले. आहेराचं पाकीट वेगळंच. एकट्या पाहुण्याचे साधारण 30 हजार, जोडप्याचे 50 हजार, तेही कोऱ्या नोटांत. एवढ्यात आपल्याकडे बरी साडी येते!

म्हणून घरची पैठणीच नेसावी म्हणते. मोरपंखी आहे, पण जरीचा पदर भरगच्च. नवरीपेक्षा आपणच उठून दिसलो असं तर नाही ना होणार? दुसरी मोतिया रंगाची आहे, पण ती फोटोत पांढरी दिसेल अशी धास्ती. शिवाय पुढून उघड्या चपला तिथे चालत नाहीत म्हणतात, मग साडीखाली बंद बूट घालायचे का? जपानी लग्नात साडी नेसून गेलेल्यांनी कृपया सांगा. आणि नवऱ्याचा टाय पांढराच हवा की चंदेरी चालेल?