मदत हवी आहे : इंजिन ऑइलची पातळी वाढते आहे, डिझेल नेमके कोठून उतरत असावे?

नमस्कार. माझी डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) असलेली कॉमन रेल डिझेल गाडी पाच वर्षांची असून ७४,००० किलोमीटर चालली आहे. ३,८०० किलोमीटरपूर्वी सर्व्हिसमध्ये ५डब्ल्यू-३० दर्जाचे नवे ऑइल भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना आणि गाडी सपाट जागेवर उभी असताना, मी स्वतः डिपस्टिक पाहिली होती. पातळी वरच्या खुणेच्या दोन मिलिमीटर खाली होती. आज तशाच स्थितीत ती त्या खुणेच्या नऊ मिलिमीटर वर आहे. ऑइल थोडेफार कमी होणे समजू शकते, वाढणे मात्र समजत नाही.

गॅरेजमध्ये विचारले असता "भरतानाच जास्त पडले असेल, थोडे काढून टाकू" असे उत्तर मिळाले. गाडीच्या बारीकसारीक नोंदी वहीत ठेवण्याच्या माझ्या खोडीला घरचे हसतात, पण तिच्यामुळेच हे उत्तर मला पटलेले नाही.

आत येऊ शकणारे द्रव दोनच, कूलंट आणि डिझेल. कूलंटच्या टाकीतील पातळी या काळात जागची हललेली नाही आणि ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधट साय धरलेली नाही, त्यामुळे संशय डिझेलवरच येतो. डिपस्टिकवरचे ऑइल बोटांत चोळले तर फार पातळ लागते आणि डिझेलचा वासही येतो, परंतु केवळ नाकावर विसंबू नये म्हणून मी टिपकागदावर या ऑइलचा एक थेंब टाकला आणि शेजारी त्याच डब्यात उरलेल्या नव्या ऑइलचा एक. सकाळी पाहिले तर जुन्या थेंबाच्या मध्यभागी काळा ठिपका, त्याभोवती करडे वर्तुळ आणि त्याच्याही बाहेर उजेडासमोर धरल्यास आरपार दिसणारे, फिकट पिवळे, रुंद वलय उमटले होते. नव्या ऑइलचा थेंब त्याच्या निम्माही पसरला नव्हता.

पुस्तिकेनुसार डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये एक लिटर ऑइल मावते. ते अंतर २२ मिलिमीटर भरले, म्हणजे ११ मिलिमीटरची वाढ साधारण अर्धा लिटर झाली. इंजिनात मुळात पाच लिटर ऑइल असते, तेव्हा डिझेलचे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास असावे. मधल्या काळात काही ऑइल जळले असेल तर प्रत्यक्षात याहूनही अधिक.

माझा रोजचा प्रवास जेमतेम सहा किलोमीटर जाणे आणि तितकेच येणे, एवढाच आहे. आठवड्यातून एकदोनदा गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो आणि तापलेल्या धातूसारखा वास येतो. यावरून रीजनरेशन, म्हणजे डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळण्याची प्रक्रिया, अर्धवट तुटत असावे असे वाटते. काजळी जाळण्यासाठी सिलिंडरमध्ये उशिराने सोडलेल्या जादा डिझेलचा काही भाग भिंतीवरून पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो, हे मला ठाऊक आहे. पेट्रोल असते तर लांबच्या प्रवासात तापलेल्या ऑइलमधून बरेचसे उडून गेले असते. डिझेल १८० अंशांच्या पुढे उकळू लागते आणि चेंबरमधील ऑइल १०० अंशांच्या आसपासच असते, म्हणून ते तेथेच साठते. परंतु इंजेक्टर गळत असेल किंवा हाय प्रेशर पंपाचे सील गेले असेल तरीही पातळी अशीच वाढेल. काहीही न उघडता हा फरक कसा ओळखावा? ऑइल प्रयोगशाळेत द्यायचे झाल्यास कोणत्या चाचण्या मागाव्यात? आणि तोवर गाडी चालवावी का?

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : चालवू नका. पातळी इतकी वर असताना ऑइल ब्रीदरच्या (चेंबरमधील वाफा बाहेर नेणाऱ्या नळीच्या) वाटेने इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, ओढले गेले तर इंजिन त्याच ऑइलवर बेफाम धावू लागते आणि चावी फिरवूनही थांबत नाही. शिवाय पातळ झालेले ऑइल टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगवर टिकत नाही. ऑइल आणि फिल्टर आताच बदला. वरचे थोडे काढल्याने उरलेल्या ऑइलचा पातळपणा जाणार नाही.

ऑइल सोडताना पहिली धार जाऊ द्या आणि मधल्या धारेतून नमुना घ्या. सोबत नव्या ऑइलचाही नमुना द्या, म्हणजे तुलना करता येईल. १०० अंशांवरील व्हिस्कॉसिटी (ऑइलचा दाटपणा), गॅस क्रोमॅटोग्राफीने इंधनाचे प्रमाण आणि कूलंटची शंका कायमची मिटवण्यासाठी सोडियम व पोटॅशियम, एवढे मागा. ३० ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी १०० अंशांवर किमान ९.३ सेंटिस्टोक्स असावी लागते.

आता उगमाविषयी. स्कॅनरवर मागील पूर्ण रीजनरेशननंतरचे अंतर आणि तुटलेल्या प्रयत्नांची संख्या पाहा, त्याचबरोबर आयडलिंगला चारही सिलिंडरांची इंधन दुरुस्ती (इंजिन समान चालावे म्हणून संगणक प्रत्येक सिलिंडरचे डिझेल किती कमी-जास्त करतो तो आकडा) पाहा. एखाद्याच सिलिंडरचा आकडा इतरांपासून फार दूर असेल, सकाळी पांढरा धूर येत असेल आणि इंजिन अडखळत असेल, तर इंजेक्टरचे नोझल ठिबकत असण्याची शक्यता वाढते. येथे अनेकांची गल्लत होते : रिटर्न लाइनची बाटल्या लावून केली जाणारी चाचणी इंजेक्टरमधून मागे जाणारे डिझेल मोजते, नोझलच्या टोकाशी होणारी गळती नव्हे. ती चाचणी ठीक आली म्हणून इंजेक्टर निर्दोष ठरत नाही.

मला सर्वांत भरवशाची वाटणारी कसोटी अगदी साधी आहे. नवे ऑइल भरल्यावर पातळी नोंदवा, मोकळ्या रस्त्यावर सलग ४००-५०० किलोमीटर चालवा आणि रीजनरेशन सुरू झाल्यास ते पूर्ण होईपर्यंत थांबू नका. तरीही पातळी चढली तर दोष पंपाच्या सीलमध्ये, इंजेक्टरमध्ये किंवा टॅपेट कव्हरखालील जोडांमध्ये शोधावा लागेल. चढली नाही तर आपला रोजचा प्रवासच कारणीभूत आहे, मात्र रीजनरेशन वारंवार का लागते हे तरीही पाहावेच लागेल.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. ऑइल आणि फिल्टर बदलले, नमुने पाठवले. चारही सिलिंडरांची दुरुस्ती जवळपास सारखी आहे, परंतु शेवटच्या दहा रीजनरेशनपैकी सात अर्धवट तुटलेली दिसली. ऑइल बदलताना इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाच्या) रबरी पाइपवर क्लिपजवळ तेलकट चीर आढळली. तेथून हवा निसटत असेल तर काजळी वाढून रीजनरेशन लवकर लागणे स्वाभाविक वाटते. पाइप आज बदलत आहे. नव्या ऑइलची पातळी खुणेच्या तीन मिलिमीटर खाली आहे, ४०० किलोमीटरनंतरचा आकडा येथेच कळवतो.