मदत हवी आहे : बेताच्या खर्चात ट्रायपॉड आणि हेड कोणते घ्यावे?

पानगळ
मला नवा ट्रायपॉड आणि त्यावरचे हेड (कॅमेरा धरून फिरवणारा भाग) घ्यायचे असून दोन दिवसांत निर्णय करणे भाग आहे, कारण ज्या अळंब्यांची छायाचित्रे मला हवी आहेत त्या तेवढ्या काळात सडून जातील. सध्याच्या ट्रायपॉडवर ८ किलो वजन पेलण्याची क्षमता छापलेली आहे आणि माझे साहित्य त्याच्या पाव हिश्श्याइतकेही भरत नाही. तरीही चौकट जुळवून पेच आवळला आणि हात काढला की कॅमेरा हळूच मान टाकतो. शिवाय चित्रेही धूसर येतात. बॉल हेड (गोळ्यावर फिरणारे) घ्यावे की थ्री-वे (प्रत्येक दिशेला वेगळा दांडा असलेले), ॲल्युमिनियम घ्यावे की कार्बन फायबर, एवढेच कृपया सांगावे. कार्बन मला बहुधा परवडणार नाही, पण त्याने प्रश्न कायमचा सुटत असेल तर या अळंब्यांवर पाणी सोडून मी आणखी काही महिने थांबेन.

लोलक
थ्री-वे हेड घ्यावे, यात मला शंका नाही. बॉल हेडचा एकच पेच सैल केला की तिन्ही दिशा एकाच वेळी मोकळ्या होतात, त्यामुळे क्षितिज सरळ करताना उंची बिघडते आणि उंची सुधारताना क्षितिज. थ्री-वे हेडवर एका वेळी एकच दिशा हलते. मी अनेक वर्षे तेच वापरत आलो आहे.

रानवाट
लोलक यांनी प्रश्नकर्त्याचा विषय न विचारताच उत्तर दिले आहे. थ्री-वेचे दांडे झुडपांत अडकतात आणि पिशवीत मावत नाहीत, ही अडचण मी प्रत्यक्ष भोगली आहे. मोठ्या व्यासाचा गोळा असलेले बॉल हेड, ज्याला घर्षण कमीजास्त करण्याचा स्वतंत्र पेच असतो, ते एका हाताने सांभाळता येते. पानगळ, आपला कॅमेरा आणि लेन्स कोणती, ते आधी सांगावे.

पानगळ
डीएसएलआर, एपीएस-सी सेन्सरचा. लेन्स १०० मिमी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून चित्र घेण्याची. दोन्ही मिळून सुमारे दीड किलो. हे मूळ प्रश्नात लिहायला हवे होते, पण ८ किलोच्या मानाने दीड किलो ही क्षुल्लक बाब वाटली.

ओलीमाती
त्या ८ किलोंवर विसंबू नये. हा आकडा कोणत्या कसोटीने काढला, ते बहुतेक उत्पादक सांगत नाहीत. इतक्या वजनाने ट्रायपॉड मोडणार नाही, एवढाच अर्थ त्यातून घ्यावा. कॅमेरा केसभरही हलणार नाही असे आश्वासन त्यात नसते. मॅक्रोमध्ये तर केसभर हलणेच घातक असते. एकास एक प्रमाणात, म्हणजे वस्तूच्या खऱ्या आकाराइतकेच, चित्र घेताना आपल्या सेन्सरवर साधारण २४ मिमी रुंद आणि १६ मिमी उंच एवढाच तुकडा मावतो. हेड ४ मिमी खचले तर चौकटीचा चौथा भाग सरकला.

आता माझे तीन प्रश्न. सेंटर कॉलम (मधला वरखाली होणारा दांडा) किती वर काढलेला असतो? कॅमेरा आडवा असतो की उभा? आणि लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा चालू असते की बंद?

चलतचित्र
आपण फ्लुइड हेडचा विचार करावा, असे मी सुचवेन. त्यात दाट द्रवाच्या अवरोधामुळे कॅमेरा डावीकडून उजवीकडे एकसारख्या गतीने फिरतो आणि चित्रफितीत धक्के दिसत नाहीत. चित्रफीत करणाऱ्याने दुसरे काही घेऊच नये.

लोलक
चलतचित्र, धागा स्थिर छायाचित्रांचा आहे.

पानगळ
ओलीमाती, उत्तरे क्रमाने देतो. अळंब्या खोडांवरच्या आहेत, कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत. पाय अर्धे उघडून उरलेली उंची कॉलमनेच साधतो, कारण मॅक्रोमध्ये उंची बोटबोट बदलावी लागते आणि प्रत्येक वेळी तीन पायांची सहा कुलुपे उघडणे शक्य नसते. कॉलम बहुतेक वेळा पूर्ण वर असतो. कॅमेरा जवळजवळ नेहमीच उभा असतो, म्हणजे हेडच्या बाजूच्या खाचेत कुशीवर पाडलेला. कंपनरोधक चालू असतो. तो असताना चित्र अधिक स्थिर यायला हवे असे मी समजत होतो. शटरसाठी दोन सेकंदांचा टायमर वापरतो, त्यामुळे हाताचा धक्का हे कारण असू शकत नाही.

ओलीमाती
दोष बहुधा इथेच आहेत आणि ते दोन वेगवेगळे आहेत, म्हणून नवीन हेड घेण्यापूर्वी घरच्या घरी एक तपासणी करावी. पेन्सिलने दोन बारीक रेघा ओढाव्यात : एक गोळ्यावरून त्याच्या खोबणीवर जाणारी, दुसरी कॅमेरा हेडवर बसवणाऱ्या प्लेटवरून कॅमेऱ्याच्या तळाला लावलेल्या कागदी चिकटपट्टीवर जाणारी. कॅमेरा उभा करून पेच आवळावा, पाच मिनिटे थांबावे आणि कोणती रेघ तुटली ते पाहावे. मग समोर एखादा स्थिर विषय ठेवून लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट चित्र) दहापट मोठा करावा, एका पायाला बोटाने हलकी टिचकी मारावी आणि थरथर शमेपर्यंत सेकंद मोजावेत. एकदा कॉलम वर असताना, एकदा खाली असताना. कंपनरोधकाबाबत लेन्सच्या माहितीपुस्तिकेत पाहावे : काही लेन्स ट्रायपॉड ओळखतात, इतरांचा तो बंद करणेच योग्य, कारण नसलेले कंपन शोधत ती यंत्रणा स्वतःच चित्र हलवते.

रानवाट
मॅक्रोसाठी ट्रायपॉड हवाच कशाला? मी फ्लॅश वापरतो. त्याची चमक इतकी क्षणिक असते की हाताची थरथर चित्रात उमटत नाही.

ओलीमाती
कीटकांसाठी आपले म्हणणे मला मान्य आहे. अळंबीच्या टोपीखालच्या पातळ पापुद्र्यांतून झिरपणारा मंद उजेड मात्र फ्लॅशने पुसला जातो, आणि पानगळ यांना तोच हवा असावा असा माझा तर्क आहे.

पानगळ
तोच हवा आहे. म्हणूनच शटर अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंत ठेवावे लागते.

तपासणी केली. गोळ्यावरची रेघ अखंड राहिली. प्लेटवरची तुटली : कॅमेऱ्याच्या तळाकडची अर्धी रेघ प्लेटवरच्या रेघेपासून दोन मिमी बाजूला गेली होती आणि प्लेटवरचे रबर पेचाभोवती चुरगळले होते. म्हणजे हेडचा गोळा पक्का आहे. कॅमेराच त्याच्या एकुलत्या पेचाभोवती फिरत होता आणि मी इतके दिवस गोळ्याचा पेच आवळून हात दुखवत होतो. कॉलम वर असताना टिचकीची थरथर शमायला पाच सेकंद लागले, खाली असताना दोनही लागले नाहीत. माझा टायमर दोन सेकंदांचा आहे, याचा अर्थ शटर उघडे तेव्हा कॅमेरा अजून डुलतच असे.

लोलक
ही चाचणी मी कधी केली नव्हती. तरीही मी म्हणेन की थ्री-वे घ्या.

ओलीमाती
थ्री-वे घेतले तरी कॅमेरा उभा करताना तो एका पेचावरच लटकेल आणि पुन्हा फिरेल. यावर उपाय एल आकाराची प्लेट, जी आपल्या कॅमेऱ्याच्या प्रतिरूपासाठीच बनवलेली असते. तळाला आणि बाजूला अशा दोन्ही अंगांना तिची पट्टी येते आणि कॅमेऱ्याला टेकणारी कड त्याला फिरू देत नाही. कॅमेरा उभा केला तरी त्याचे वजन हेडच्या बरोबर वर राहते, बाजूला लोंबत नाही. तिला आर्का-स्विस पद्धतीचा, म्हणजे प्लेटच्या कडा दोन्हीकडून आवळणारा, शिकंजा लागतो. आपल्या हेडवर तो नसेल तर स्वतंत्र मिळतो. हेड तूर्त जुनेच चालेल.

पैसे पायांवर खर्च करावेत. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवली तर वाकण्याविरुद्धचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून २२ मिमीऐवजी २८ मिमी व्यासाची वरची नळी घेतल्यास तो दुपटीच्या आसपास जातो. कॉलमची गोष्ट उलट आहे : बाहेर निघालेली लांबी दुप्पट केली की तेवढ्याच बलाने त्याचे टोक आठपट सरकते. आपल्याला बोटबोट उंची बदलायची असल्याने कॉलम टाकून द्या असे मी म्हणणार नाही, पण पाय इतके उंच असावेत की कॉलम चार-सहा बोटांपलीकडे काढावाच लागू नये. डोळ्यांच्या उंचीतून हेड आणि कॅमेऱ्याचे मिळून सुमारे २० सेंटीमीटर वजा करावेत. डोळे १५५ सेंटीमीटरवर असतील तर पायांची उंची कॉलमशिवाय १३५ सेंटीमीटर पुरते. चारऐवजी तीन भागांचे पाय घ्यावेत. कुलुपे कमी असतात आणि सर्वांत खालची नळीही जाड राहते.

रानवाट
आणि कार्बन? तो कंपन लवकर शोषतो, हलकाही असतो.

ओलीमाती
खरे आहे, थंडीत हाताला चटकाही देत नाही. पण मर्यादित पैशांत बारीक नळ्यांच्या कार्बनपेक्षा जाड नळ्यांचे ॲल्युमिनियम मी निःसंकोच घेईन. वजन वाढते, ते सोसावे लागते. त्यासाठी पानगळ यांनी काही महिने थांबण्याची गरज मला दिसत नाही.

चलतचित्र
पाय चिखलात रोवणार असाल तर खालच्या कुलुपांत वाळू शिरते. पिळून आवळायची कुलुपे असतील तर ती सोडवून गोड्या पाण्याने धुवावीत आणि पूर्ण वाळल्यावरच जोडावीत. ही सूचना कोणत्याही ट्रायपॉडला लागू आहे.

पानगळ
ही सूचना उपयोगाची आहे, आभारी आहे. ॲल्युमिनियमचे तीन भागांचे पाय आणि एल प्लेट घेण्याचे ठरवले आहे. आज जुन्याच ट्रायपॉडवर कॉलम खाली, कंपनरोधक बंद आणि टायमर दहा सेकंदांचा ठेवून कॅमेरा आडवाच वापरला, आणि पापुद्र्यांच्या कडा प्रथमच वेगवेगळ्या दिसल्या. शेवटची एक शंका : नव्या पायांच्या माथ्यावर ३/८ इंचाचा पेच आहे, माझ्या जुन्या हेडच्या तळाचे भोक मात्र १/४ इंचाचे आहे. ते बसेल का?

ओलीमाती
थेट बसणार नाही. बऱ्याच ट्रायपॉडच्या माथ्यावरचा पेच उलटा करता येतो, एका टोकाला ३/८ आणि दुसऱ्याला १/४ इंच असतो. घेण्यापूर्वी तो काढून पाहावा. तसा नसेल तर वरच्या बाजूला १/४ इंचाचा पेच देणारी जोडचकती मिळते. ती घट्ट बसली की नाही हे पाहण्यासाठी त्यावरही पेन्सिलची एक रेघ ओढावी.