पाचवी ते आठवीची उन्हाळी सुट्टी, मुंबईत: तुमचे अनुभव लिहा

निशिगंध
आज दुपारी बिल्डिंगमधली पोरं गच्चीवर पाण्याची बाटली उभी करून तिची सावली नाहीशी होते का बघत होती. शून्य सावली दिवस. मुंबई १९ अंश उत्तरेला, मेच्या मध्यावर सूर्यही तेवढाच उत्तरेला येतो आणि बरोबर डोक्यावर उभा राहतो.

मला एकदम सातवीनंतरची सुट्टी आठवली. आत्या गिरगावात चाळीत राहायची आणि सुट्टीत मी तिच्याकडे. तिने कुंडीत एक काठी रोवून दिली, म्हणाली, सावलीच्या टोकाला खडूने खुणा करत राहा. सगळ्यात आखूड सावली बाराला पडेल अशी माझी खात्री होती. पडली साडेबाराच्याही पुढे. आत्याने कारण सांगितलं नाही, नकाशा पुढ्यात टाकला. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, मुंबई ७३ च्या आसपास, आणि एक अंश फिरायला पृथ्वीला चार मिनिटं. हे मी स्वतः शोधलं तेव्हा चाळभर सांगत फिरले.

अकरा ते चौदा हे वय मला फार मोलाचं वाटतं. रंगीत कागद कापायच्या शिबिरांत मुलं रमत नाहीत आणि दहावीचं ओझं अजून आलेलं नसतं. अशा वेळी कोणीतरी खरं काम हातात द्यायला हवं. तुम्हाला कोणी दिलं होतं का? आणि आता तुमच्या घरी काय चाललंय?

बोरकूट
शिवाजी पार्क, मल्लखांब. पहाटेची बॅच, खांबाला एरंडेल, घरी आल्यावर आई कपडे वेगळे भिजवायची. दसरंग हा मल्लखांबाचा प्रकार शिकलो तेव्हा आठवीत होतो. पाठ अजून ताठ आहे ती त्यामुळेच.

गच्चीवाली
वाचतेय. कुकर लावून येते.

पाणकावळा
आमचं घर वरळी कोळीवाड्याजवळ. मामाची होडी होती. मामा शाळा फार शिकला नव्हता पण भरतीची वेळ तोंडी सांगायचा. तिथीची पाऊणपट कर, म्हणायचा. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. पंधरा तिथ्या झाल्या की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मी सहावीत होतो, अपूर्णांकाशी अजिबात पटत नव्हतं. मामाने मला कामाला लावलं. रोज कालनिर्णयात तिथी बघायची, पाऊणपट काढायची, पेपरात छापलेल्या वेळेशी ताडायची आणि त्याला सांगायची. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे व्हायची. का होतात, हा प्रश्न मग मीच विचारायला लागलो. उधाण कशाला म्हणतात, भांगाची भरती कशाला, चंद्राचं आणि पाण्याचं नातं काय, सगळं धक्क्यावर बसून कळलं. भूगोलाच्या पुस्तकात तो धडा पुढे आला तेव्हा मी वर्गात उभा राहून शिकवला होता.

१ जूनला मासेमारीची बंदी सुरू व्हायच्या आधी होड्या वर ओढायच्या, जाळी शिवायची. त्यातही हात लावू द्यायचा. मामा गेला आता. हे पहिल्यांदाच लिहितोय.

रातराणी
पाणकावळा, डोळ्यांत पाणी आलं हो. मामांना नमस्कार.

सातरस्ता
किती सुंदर! माझं गणित लालबागच्या मसाला गल्लीत झालं. एप्रिल संपता संपता आजी यादी काढायची: बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल, नागकेशर, बादियान. यादी एक किलो मिरचीची आणि करायचा असायचा साडेतीन किलोचा, कारण तीन काकूंचा एकत्र. हिशोब मी करायचा, भाव मी विचारायचे, मग मसाला कुटायच्या डंकावर आमचा नंबर येईपर्यंत शिंकत बसायचं. सातवीत गुणोत्तर-प्रमाण आलं तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं. या वर्षी लेकीकडून करून घेतलं. तिने मोबाइलवर मोठा तक्ता केला आणि कोणती काकू किती देणं लागते तेही काढलं!

बोरकूट
सातरस्ता, मसाला विकता का? खरंच विचारतोय.

सातरस्ता
विकत नाही, पण बरणी देईन.

सहावी_ब
मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. जूनमध्ये वर्ग भरला की पहिल्या आठवड्यातच कळतं, सुट्टीत कोण वाचत होतं. वाचणाऱ्या मुलाची गाडी थांबलेली नसते. बाकीच्यांना भागाकारापासून पुन्हा सुरुवात करावी लागते, आणि यात त्यांचा काही दोष नाही, घरी पुस्तकच नसतं. पालकांना माझं कळकळीने सांगणं आहे, स्वाध्यायपुस्तिका विकत आणू नका. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. रोज दोन पानं, मोठ्याने, घरातल्या कोणाला तरी ऐकवायची. आजी ऐकत असेल तर सगळ्यात उत्तम, कारण ती मध्येमध्ये प्रश्न विचारते.

मुलुंडचे_आजोबा
बाईंशी सहमत. नातू इंग्रजी माध्यमात, मराठी आकडे येत नव्हते. बेस्टच्या बसवर पुढे नंबर मराठीत असतो. रोज संध्याकाळी आम्ही दोघे स्टॉपवर उभे. आता लांबून ओळखतो. मग दुकानांच्या पाट्या सुरू केल्या.

चहाबिस्किट
सगळ्यांचं वाचून छान वाटतंय आणि थोडं रडूही येतंय. आम्ही दोघंही नोकरीला, मुलगा अकराचा, गावी आता कोणी राहिलं नाही. दिवसभर घरात एकटा, किल्ली शेजारच्या काकूंकडे. जवळच्या एका शिबिराची फी ऐकली आणि तशीच परत आले. संध्याकाळी घरी गेले की तो मोबाइल बाजूला ठेवतो आणि म्हणतो, काहीच केलं नाही आज.

रातराणी
चहाबिस्किट ताई, तुम्ही एकट्या नाही आहात. आमच्या चाळीत गेल्या वर्षी पाच घरांनी दुपारी वाटून घेतल्या. सोमवारी एका ताईकडे सगळी पोरं, मंगळवारी दुसरीकडे. ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं. खालचे काका इलेक्ट्रिशियन, त्यांनी सुट्टीच्या दिवशी टेस्टर, फ्यूज, मीटरचं युनिट समजावलं. पोरांनी मग प्रत्येक घराचं वीजबिल वाचलं. कोणाचे पंखे विनाकारण चालू असतात याची चर्चा जिन्यात झाली आणि दोन घरांत भांडणंही. खर्च फक्त सरबताचा. शेजारच्या काकूंशी बोलून बघा, त्यांनाही सोबत हवीच असेल.

गच्चीवाली
आले. रातराणी, हे कमाल आहे, आमच्या सोसायटीत आजच बोलते.
शनिवार-रविवारसाठी सांगते. भायखळ्याला राणीची बाग आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय एकाच फेरीत होतं, बुधवारी दोन्ही बंद. संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती उभा आहे, तो घारापुरीचा. त्याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा नाव पडलं, हे सांगितलं की पोरं हत्तीभोवती फिरून फिरून बघतात. बागेत प्राणी सोडून झाडं दाखवा. कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात, मुलीने वहीत चित्र काढलं आणि खाली वास कसा येतो ते लिहिलं.

तिसरी_घंटा
जरा वेगळं विचारते. मुलगी जूनमध्ये सहावीत. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेचा क्लास आत्तापासून लावू का? सगळ्या मैत्रिणींनी लावलाय.

सहावी_ब
ती परीक्षा सहावी आणि नववीला असते. लेखीनंतर प्रात्यक्षिक, पुढे कृतिसंशोधनाचा प्रकल्प. प्रकल्पात मूल स्वतः बघतं का, नोंदी ठेवतं का, तेच तपासतात. मेमध्ये क्लास नको. वरचं सावलीचं आणि भरतीचं करू दे, तीच तयारी.

तिसरी_घंटा
बरं वाटलं बाई. मलाही क्लास नकोच होता.

बोरकूट
पायरी आंबा कुठे चांगला मिळतोय सध्या? दादरला भाव फार आहे.

सातरस्ता
क्रॉफर्डला सकाळी लवकर जा.

निशिगंध
इतकं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. पाणकावळा, भरतीची पाऊणपट मी आत्ताच मुलाला सांगितली, तो कालनिर्णय घेऊन बसलाय. ओहोटीला खडकांवर जायचं तर कधी?

पाणकावळा
पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपास, सकाळी सहाच्या जवळपास पाणी सगळ्यात मागे जातं. कार्टर रोडचे खडक बरे. खेकडे, शंखात राहणारे खेकडे, समुद्रफुलं, नशीब असेल तर समुद्री गोगलगाय. चपला पकड असलेल्या हव्यात, शेवाळ फार निसरडं. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा, त्याच्याखाली कोणाचं तरी घर असतं. पाणी वळलं की लगेच बाहेर यायचं, पोरांना एकटं पाठवायचं नाही.

मुलुंडचे_आजोबा
आम्हालाही यायचं आहे. एवढ्या सकाळी मुलुंडहून जमेल का?

पाणकावळा
जमेल की. पहाटेची लोकल, दादरला बदलून वांद्रे, तिथून रिक्षा. पाणी भरून घ्या. मी येतो तिकडे.

चहाबिस्किट
आम्ही पण. रविवार बघून अवस कधी येते ते सांगा ना.