मुलाला फ्रॅटर्निटीचे बोलावणे आले आहे, अनुभवींचा सल्ला हवा

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

गणेशोत्सवाच्या जेवणाची नोंदणी सोडली तर मी इथे फारसे लिहीत नाही. आज मात्र घरातला एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवते आहे. आमचा धाकटा ऑगस्टमध्ये इथे अमेरिकेत, आपल्याच राज्यातल्या विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेला. पहिले तीन आठवडे रोज रात्री त्याचा फोन येई आणि आवाज उतरलेला असे. रूममेट आपल्या शाळेतल्या मित्रांच्या घोळक्यात असायचा आणि हा एकटाच जेवून खोलीवर परतायचा. मग 'रश' सुरू झाला, म्हणजे फ्रॅटर्निटी या एका घरात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थी-मंडळांची नवे सभासद निवडण्याची धांदल, हा अशा चार-पाच घरांत जाऊन आला आणि काल त्यांतल्या एका फ्रॅटर्निटीने त्याला 'बिड', म्हणजे सभासद होण्याचे रीतसर बोलावणे दिले. रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचे आहे.

आम्ही दोघेही पुण्याहून एमएस करायला आलो. चौघांत एक अपार्टमेंट घेऊन, स्वयंपाकाच्या पाळ्या लावून शिकलो. पदवीच्या मुलांचे हे ग्रीक अक्षरांचे जग आमच्या वाटेत कधी आलेच नाही. आमच्या घरी यांचे ठाम म्हणणे आहे की ही सगळी दारूची घरे आहेत, तेव्हा नकार कळवून मोकळे व्हावे. कालचा मुलाचा आवाज ऐकल्यापासून मला मात्र नाही म्हणवत नाही. कोणी यातून गेले असेल तर कृपया मोकळेपणाने लिहावे.

आपली,
मंडळाची एक सभासद

———

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकहून बारावी करून थेट पदवीसाठी इथे आलो आणि दोन वर्षे फ्रॅटर्निटीच्या घरात राहिलो, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

या संस्था जुन्या आहेत. ग्रीक अक्षरांचे नाव घेणारी पहिली, फाय बीटा काप्पा, १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली. पुढे ती विद्वत्तेचा मान देणारी संस्था झाली. आज आपण जिला फ्रॅटर्निटी म्हणतो, ती एकत्र राहण्या-जेवण्याची परंपरा १८२५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात सुरू झाली, असे साधारणपणे मानतात. बिड स्वीकारली की मुलगा काही आठवडे 'न्यू मेंबर' असतो, ज्याला आमच्या वेळी 'प्लेज' म्हणत. त्यानंतर दीक्षाविधी होतो आणि बहुधा दुसऱ्या वर्षी तो घरात राहायला जातो. खोलीचे भाडे, जेवण आणि वर्गणी यांचा एकत्र हिशेब आधीच लेखी मागून घ्यावा.

मला त्या घराने काय दिले, हे सांगायलाच हवे. घरात पन्नास मुले होती आणि स्वयंपाकाला एक वयस्क बाई होत्या. मी गोमांस खात नाही हे कळल्यावर त्या माझ्यासाठी वेगळ्या ताटलीत जेवण काढून त्यावर चिकटपट्टीने माझे नाव लावून ठेवत. ओहायोच्या एका सीनियरने मला बर्फात गाडी चालवायला शिकवले आणि स्टॅटिक्सच्या परीक्षेआधी तो रात्री दोनपर्यंत माझ्याबरोबर बसला. पहिली नोकरी मला त्या घराच्या एका माजी सभासदामुळे लागली. तुमच्या मुलाच्या आवाजात जो फरक पडला आहे तो खरा आहे, ताई. माझ्याही आवाजात तो पडला होता, असे आई पुढे कित्येक वर्षे सांगत असे.

धोका आहे तो मुख्यतः त्या न्यू मेंबरच्या आठवड्यांत. आपल्याला रॅगिंग ठाऊक आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ चा कायदा आहे. पण रॅगिंग नव्या मुलाच्या माथी त्याने न मागता येते, तर इथले 'हेझिंग' तो स्वतःहून पत्करतो, कारण त्याला आत जायचे असते, आणि म्हणूनच ते घरी कळत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठात बिड स्वीकारण्याच्या रात्री एका १९ वर्षांच्या मुलाला थोड्या वेळात भरमसाट दारू पाजली गेली आणि तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला. मुलांनी त्याला कोचावर निजवले, कुशीवरून पाठीवर वळू नये म्हणून पाठीला पुस्तकांचे दप्तर अडकवले, आणि ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन केला तो जवळजवळ बारा तासांनी. तो वाचला नाही. त्याच्या नावाचा कायदा पेनसिल्व्हेनियाने २०१८ साली केला.

हे मी बातमी म्हणून वाचू शकलो नाही, कारण आमच्या घरातही तशी एक रात्र होऊन गेली होती. माझ्याबरोबर प्लेज झालेला एक मुलगा बाथरूमच्या फरशीवर पडला होता, त्याचे ओठ पांढरे पडले होते, आणि दारात उभा असलेला एक सीनियर सांगत होता की त्याला झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल. कॉरिडॉरमधला फोन माझ्या हाताशी होता. पोलीस येतील, घराची मान्यता जाईल, माझा व्हिसा जाईल, असा विचार करत मी तसाच उभा राहिलो. फोन दुसऱ्याने केला आणि तो मुलगा वाचला. मी तो फोन केला नाही, याची खंत मला आजही आहे.

तेव्हा मुलाला जाऊ नकोस असे मी सांगणार नाही. रविवारच्या आत त्याने त्या घरातल्या न्यू मेंबरांच्या प्रमुखाला समोरासमोर विचारावे, की हे आठवडे नेमके किती आहेत, त्यांत काय काय करायचे असते, आणि एखाद्याने एखादी गोष्ट करायला नकार दिला तर काय होते. उत्तर हसण्यावारी नेले गेले, तर तेच उत्तर समजावे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार कोणत्या संघटना हेझिंगमध्ये दोषी ठरल्या याचा अहवाल विद्यापीठांना संकेतस्थळावर ठेवावा लागतो; तो तुम्ही दोघांनी मुलासोबत बसून वाचावा. आणि बेशुद्ध मित्रासाठी ९११ ला फोन करणाऱ्याला, तो स्वतः प्यायलेला असला तरी, बहुतेक राज्यांचे कायदे संरक्षण देतात, हे त्याला आजच सांगावे. त्या रात्री मला हे माहीत नव्हते.

आपला,
नाशिककर

———

नमस्कार काकू,

काकांनी लिहिलेल्याला एक पुरवणी जोडते. दक्षिण आशियाई मुलांच्या वेगळ्या फ्रॅटर्निटीही आहेत. बिंगहॅमटनची आयोटा न्यू डेल्टा १९९४ ची, तर ऑस्टिनची डेल्टा एप्सायलॉन साय १९९८ ची. माझा भाऊ अशाच एकीत होता. आपली मुले आहेत, मग काळजी नाही, असे समजून आईबाबांनी काहीच विचारले नाही. प्रत्यक्षात त्या आठ आठवड्यांत त्याला रोज जेमतेम तीन-चार तास झोप मिळत होती आणि सत्रात दोन विषय गेले. दारू नसली तरी हे हेझिंगच असते. म्हणून घर कोणाचेही असो, तो किती वाजता झोपतो, हे फोनवर जरूर विचारत जा.

———

सर्वांस नमस्कार,

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री आम्ही तिघांनी व्हिडिओ कॉलवर तो अहवाल उघडून वाचला. त्यात या घराचे नाव नाही, पण शेजारच्या दोन घरांची आहेत, आणि ते वाचताना मुलगा गप्प झाला. शनिवारी तो त्या प्रमुखाला भेटणार आहे आणि नाशिककरांचे तिन्ही प्रश्न त्याने लिहून घेतले आहेत. कॉल संपता संपता यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला म्हणाले, "तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, रात्री किती का वाजले असेनात, आधी ९११ आणि मग मला फोन करायचा. दीड तासाचा रस्ता आहे, मी गाडी काढतो."