कोडिंग न येणाऱ्यांनी या वाटेला जावं का?

नववीतल्या मुलाला कोडिंगचा क्लास लावल्याशिवाय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडचा, म्हणजे शाळकरी मुलांच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेचा, विचारच करू नये, असं एक मत आहे. मला ते पटलं नाही. आपल्याकडची पहिली पायरी म्हणजे झेडआयओ, म्हणजे झोनल इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाड. ती लेखी परीक्षा आहे, तिथे प्रोग्रॅम लिहावाच लागत नाही. चौकटींच्या जाळ्यातून जास्तीत जास्त नाणी गोळा करत कसं जायचं, अशा धर्तीचे प्रश्न. आकडे लहान असतात, हाताने सुटतात. पण सगळे मार्ग तपासत बसलात तर वेळ संपला म्हणून समजा. युक्ती सापडायला हवी, आणि ती कुठल्याही प्रोग्रॅमिंग भाषेच्या सिंटॅक्समध्ये, म्हणजे लिहिण्याच्या नियमांत, नसते.

पुढच्या पायऱ्यांवर मात्र सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेला पर्याय नाही म्हटलं तरी चालेल. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत (१९८९ पासून चालू, देशागणिक चारच मुलं) दोन दिवस, रोज पाच तास, साधारण तीन-तीन प्रश्न. उत्तर बरोबर असूनही प्रोग्रॅम संथ असला तर गुण कापले जातात. माझी भाची तिथेच अडायची, एकात एक तीन लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या सूचना), मग प्रोग्रॅम संथ होणारच! तिला क्लासने नाही, वहीत कागदावर आकृत्या काढायच्या सवयीने सोडवलं. जुन्या प्रश्नपत्रिका नेटवर फुकट आहेत, आधी त्या बघा.