आजीच्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात, पण फोन समोर धरला की ती गप्प बसते

केजचा_नातू

नमस्कार मंडळी. आमचं गाव केज तालुक्यात, मी नोकरीमुळं पुण्यात. आजी ८७ वर्षांची आहे, कान थोडे कमी झालेत पण डोकं एकदम शाबूत. तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलोय की रझाकाराच्या (निजामाच्या बाजूच्या हत्यारी टोळ्या) धामधुमीत रातोरात गाडी जुंपून सगळे बार्शीकडं गेले, तिकडं इंग्रजाचा मुलूख होता म्हणून, आणि तिच्या आईनं चुलीवरचं पिठलं तसंच सोडलं. बहात्तरच्या दुष्काळात ती स्वतः खडी फोडायला होती, तिथं मिळणारी सुकडी आणि लाल मिलोच्या (बाहेरदेशातून आलेल्या ज्वारीच्या) भाकरीचं सांगायची. हे सगळं मला तुकड्यातुकड्यात माहितीय, सलग एकदाही नाही. माझी पोरगी ४ वर्षांची आहे, तिला मोठेपणी हे आजीच्याच आवाजात ऐकता यावं असं फार वाटतं.

मागच्या महिन्यात सुट्टी काढून गेलो, फोन समोर ठेवला आणि म्हणलं आजी तुझी सगळी कहाणी सांग. तर म्हणली "माझी कसली कहाणी, तुझ्या आज्ज्याची इचार." आणि गप्प. वर्ष विचारलं तर "मला काय ठावं" म्हणती.

दुसरं असं की आबांची एक वही सापडलीय ट्रंकेत, अर्धी मोडीत अर्धी उर्दूत, मधीमधी १३५२, १३५५ असे आकडे. गावात कोणाला वाचता येईना. आणि वडील म्हणतात भावकीतल्या वाटणीचं काही रेकॉर्ड करू नको, उगं कटकट होती. तुमच्यापैकी कोणी असं काही केलंय का? सुरुवात कुठून करू?

औशाची_लेक

दादा आधी हे सांगते की उशीर करू नका. आमचं घर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात गेलं. दगडमातीचं माळवद होतं, त्याखाली माणसं गेली तशी ट्रंकही गेली, लग्नाचे फोटो, आजोबांचे कागद, सगळं. नंतर मी पाव्हण्यारावळ्यांकडं हिंडून हिंडून फोटो गोळा केले, मावशीकडं एक निघाला, सोलापूरच्या आत्याकडं दोन. आपल्या घरचा फोटो दुसऱ्याच्या अल्बममधी असतो हे तेव्हा कळलं. तुम्ही पण आजीच्या माहेरी विचारा.

आता बोलतं करायचं. "तुझी कहाणी सांग" म्हणलं की बाईमाणूस गप्पच होणार, तिला जन्मभर कोणी असं विचारलेलंच नसतं. तिच्या हाताला काम द्या. मी आईसोबत तूर निवडायला बसायचे, फोन शेजारी फडक्यावर पालथा ठेवायचे. पण चोरून नाही हं, आधी सांगायचे की आई मी हे साठवून ठेवायलेय, लेकराबाळांसाठी. पहिले दहा मिनिटं ती फोनकडं बघायची, मग विसरायची. आणि वर्ष विचारूच नका. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं कॅलेंडर म्हणजे रझाकार, पुलिस अॅक्शन (४८ साली भारताची फौज निजामाच्या राज्यात आली ते), बहात्तर, भूकंप. "रझाकाराच्या टायमाला तू केवढी होतीस, परकर नेसायचीस का लुगडं?" असं विचारा, बरोबर सांगते. लुगडं म्हणली तर लग्न झालेलं, परकर म्हणली तर नाही, त्यावरून तुम्हाला वर्षाचा अंदाज येतो. एखादी वस्तू हातात द्या, पितळी घागर, जुनं पातेलं. माझ्या आईला जात्याचा खुंटा हातात दिला आणि ती थेट ओवी गायला लागली, मी जन्मात ऐकली नव्हती, भावाला उद्देशून होती, आणि गाताना रडली. "पारी" नावाच्या वेबसाईटवर जात्यावरच्या ओव्या आहेत, हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या, लाखाच्या वर. त्यात आपल्या माजलगावच्या बायका पण आहेत. त्यातली एक ओवी लावून आजीला ऐकवा, ती म्हणेल "आमच्यात असं नाही म्हणत" आणि स्वतःची म्हणून दाखवेल.

आणखी एक, आणि हे माझं फार मनापासूनचं आहे. वंशावळ लिहाल तेव्हा बायकांची नावं लिहा. आमच्या घरची वंशावळ काढली तर सात पिढ्यांचे बाप्ये आहेत आणि एकही बाई नाही. शिवाय लग्नात नाव बदलायचे, म्हणजे तुमच्या आजीला दोन नावं असतील. माहेरचं नाव आजच विचारा. ते आता फक्त तिलाच माहीत असेल.

परभणीचा_मास्तर

ते आकडे फसली सन आहेत. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसलीत चालायचं. त्यात ५९० मिळवा म्हणजे इसवी सन येतो, महिना बघून एखादं वर्ष इकडंतिकडं होतं. म्हणजे तुमचे १३५२ म्हणजे १९४२-४३ आणि १३५५ म्हणजे १९४५-४६. वहीत रुपये आणे लिहिले असतील तर ते हाली सिक्क्याचे असू शकतात, निजामाचं नाणं वेगळं होतं, इंग्रजी रुपयापेक्षा त्याचा भाव कमी. आजच्या रुपयाशी सरळ तुलना करत बसू नका.

उर्दूसाठी गावातल्या मशिदीतल्या मौलानांना नाहीतर उर्दू शाळेतल्या जुन्या शिक्षकांना दाखवा, पण कारकुनी शिकस्ता अक्षर, म्हणजे घाईत जोडून लिहिलेलं, असेल तर छापील उर्दू वाचणाऱ्यालाही अडखळायला होतं, धीर धरा. मोडीसाठी संभाजीनगरला पुराभिलेख विभागाचं ऑफिस आहे, तिथं चौकशी करा, मोडी वाचणारे लोक तिथून कळतात. मी स्वतः साठीनंतर मोडी शिकलो, सहा महिन्यात वडिलांचं अक्षर वाचायला लागलो, पहिलं जे पान लागलं त्यात माझ्या जन्माच्या वेळी सुईणीला दिलेल्या धान्याची नोंद होती. तेवढ्यासाठी सगळं शिकल्याचं सार्थक झालं.

वही लॅमिनेट करू नका!! लोक हौसेनं करतात आणि कागद कायमचा जातो. सेलोटेप पण नको. सावलीत, खिडकीजवळच्या उजेडात एकेका पानाचा फोटो काढा, फ्लॅश बंद. कोऱ्या पानाचाही काढा, नंतर पानाचा क्रम लागतो. जुन्या फोटोमागं नावं लिहायची तर शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं, बॉलपेननं नाही. तहसीलमधून १९५४-५५ चं खासरा पत्रक काढून घ्या, शेताची जुनी नावं आणि कोणाच्या नावावर काय होतं ते कळतं. आणि घरातलं कोणी त्र्यंबकेश्वरला विधीला गेलं असेल तर तिथल्या उपाध्यांच्या वह्यात घराण्याची नावं असू शकतात, गाव आणि आडनाव सांगितलं की ते शोधून देतात.

उदगीरवाला

वरच्या दोघांनी छान सांगितलंय. मी वेगळं सांगतो. माझ्या दादीला पण मी ४८ सालाबद्दल विचारलं होतं. आमच्याकडं त्याचा अर्थ वेगळाय. पुलिस अॅक्शननंतर आमच्या भागात काय झालं ते पुस्तकात फार कमी येतं. भारत सरकारनं चौकशीला पाठवलेली पंडित सुंदरलाल समिती फिरून गेली त्या वर्षाच्या शेवटी, अहवालात उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे आहेत, आणि उदगीर तेव्हा बीदरमधीच होतं. दादी एवढंच बोलली की घरातली मोठी माणसं विहिरीकडं गेली ती आली नाहीत, आणि शेजारच्या पाटलाच्या बायकोनं आम्हा लेकरांना कणगीत लपवलं. मग म्हणली "बस, बंद कर." मी बंद केलं. पुन्हा विचारलं नाही. दोन वर्षांनी एका रमजानच्या रात्री तिनंच हाक मारली, म्हणली ते यंत्र घेऊन ये.

म्हणून सांगतो, नको म्हणलं की थांबा. ते तिचं आहे. आणि वडील म्हणतात त्या वाटणीच्या गोष्टीचं, आजीला सांगायचं असेल तर सांगू द्या, फक्त ती फाईल वेगळी ठेवा आणि वर लिहून ठेवा की आत्ता कोणाला ऐकवायची नाही. पुसू मात्र नका. आणि तिची बोली सुधारू नका लिहिताना. माझी दादी दखनी आणि मराठी मिसळून बोलायची, मी पहिल्यांदा लिहिताना सगळं शुद्ध केलं आणि वाचलं तर ती त्यात नव्हतीच. पुन्हा ऐकून जसंच्या तसं लिहिलं.

हिंगोलीकर

एक टेक्निकल. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फाईलवर विसंबू नका, क्वालिटी जाऊ शकते. फोनमधल्या रेकॉर्डरची मूळ फाईल कॉम्प्युटरवर घ्या, एक कॉपी हार्ड डिस्कवर, एक ड्राईव्हवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या भावाबहिणीकडं. गूगलचं अकाउंट दोन वर्षं वापरलं नाही तर ते डिलीट करू शकतात, काकांच्या अकाउंटमधी फोटो असतील तर आत्ताच काढून घ्या. रेकॉर्डिंग चालू करताना फोन एरोप्लेन मोडवर टाका, काहून की मधीच फोन आला की काही फोनमधी रेकॉर्डिंग बंद पडतं. माझ्या आज्ज्याचं अर्ध असंच गेलंय. आणि सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते सांगा.

केजचा_नातू

सगळ्यांचे आभार. शनिवारी गावाकडं आलो. ताईंनी सांगितलं तसं ज्वारी निवडायला बसलो, फोन बाजूला, आजीला सांगितलं. पंधरा मिनिटं नुसतं खडे निवडले. मग विचारलं बार्शीला गेलात त्या रात्री गाडीला बैल कोणते होते. लगेच दोघांचीही नावं सांगितली, एक ढवळ्या आणि एक शिंगाऱ्या, आणि शिंगाऱ्या वाटेत लंगडायला लागला म्हणून पोरांना उतरून चालावं लागलं, आणि ती परकरात होती, काटे लागले. दीड तास बोलली.

माहेरचं नाव विचारलं. आधी हसली, मग म्हणली सत्तर वर्षात कोणी त्या नावानं हाक मारली नाही. नाव इथं लिहित नाही, पण पोरीला फोनवर सांगितलं आणि तिनं मोठ्यांदा आजीला त्याच नावानं हाक मारली. बाबा दारात उभे होते, त्यांनाही माहीत नव्हतं.

वही मास्तरांनी सांगितल्याप्रमाणं खिडकीत ठेवून ६४ पानांचे फोटो काढलेत. उद्या आजीला घेऊन तिच्या माहेरच्या गावी चाललोय, वेशीतली चिंच अजून आहे का ते तिला बघायचंय.