पिशवी काढण्याआधीची इंजेक्शनं
ताई, गर्भपिशवी काढायचीच आहे तर आधी ३ महिने हार्मोनची इंजेक्शनं कशाला, असं तुम्ही विचारलंत. माझ्या वहिनीलाही हाच प्रश्न पडला होता. फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भपिशवीत वाढणाऱ्या गाठींनी पिशवी बेंबीपर्यंत आलेली, हिमोग्लोबिन ७ पर्यंत उतरलेलं. तिने ल्युप्रोलाइड या हार्मोनची ३.७५ मिलिग्रॅमची इंजेक्शनं, महिन्याला एक, अशी ३ घेतली. त्याने पाळी थांबते, गाठी आक्रसतात, जोडीला लोहाच्या गोळ्या असल्या की रक्त भरून येतं. पोटावरचा छेदही बरेचदा लहान घेता येतो. पहिल्या इंजेक्शननंतर मात्र रक्तस्राव थोडे दिवस वाढू शकतो. जास्त वाटला तर लगेच डॉक्टरांना कळवा. या इंजेक्शनांनी घामही फार येतो; वहिनी रात्री घामाने चिंब होऊन उठायची, पदराने मान पुसत पंख्याखाली बसायची. आणि इंजेक्शनं संपल्यावर ऑपरेशन लांबवू नका, गाठी पुन्हा वाढतात.